तिथीची पाऊणपट

मारुती मंदिराच्या चौकात पहाटे तीनला गणिताच्या सरांनी हजेरी घेतली. आम्ही सगळे मिळून सहा जण, सहाही पेन्शनर. तरी हजेरी. संस्कृतच्या बाई "उपस्थिता" म्हणाल्या, पी.टी.च्या सरांनी नुसता हात वर केला, आणि चित्रकलेचे सर नेहमीप्रमाणे हजेरी संपल्यावर आले.

रत्नागिरीकरांना सांगायला नको, पण अंगारकीला आमच्याकडे बरेच जण गणपतीपुळ्याला चालत जातात. आरे-वारे मार्गे साधारण २५ किलोमीटर. पालखी नाही, पताका नाही, ज्याला जमेल त्याने जमेल तेव्हा निघायचं. आम्ही तिला वारीच म्हणतो. पंढरीच्या वारकऱ्यांनी रागावू नये.

यंदाची ६ जानेवारीची, पौषातली अंगारकी. थंडी चांगलीच होती. चंद्र डोक्यावरून पश्चिमेला कलला होता आणि वाद सुरू झाला तो भरतीवरून. आरे-वाऱ्याला पुळणीवरून चालायचं तर ओहोटी हवी, ओल्या वाळूत पाय रुतत नाहीत. कोकणात त्याचं गणित सोपं आहे : तिथीची पाऊणपट करायची, तेवढ्या वाजता भरती. सरांनी निघण्याची वेळ त्यावरच ठरवली होती. "चतुर्थी. चाराची पाऊणपट तीन. आत्ता पूर्ण भरती, सव्वानऊला ओहोटी."

"चूक," संस्कृतच्या बाई म्हणाल्या. "चतुर्थी सकाळी आठला लागतेय. चंद्रोदयाला चतुर्थी आहे म्हणून आज संकष्टी. आत्ता तृतीया चालू आहे."

तिनाची पाऊणपट सव्वादोन. म्हणजे ओहोटी साडेआठलाच. ज्या माणसाने तीस वर्षं मुलांना "आधी उदाहरण नीट वाचा" म्हणून कान पिळले, तो शिरगावचं मत्स्य महाविद्यालय येईपर्यंत एक शब्द बोलला नाही.

संस्कृतच्या बाई हल्ली कागद वाचतात. निवृत्तीनंतर मोडी शिकल्या. आता लोक त्यांच्याकडे पणजोबांची खरेदीखतं घेऊन येतात, कुणाची खोतीची भानगड, कुणाची भावकीतली. फी म्हणून नारळ. वाचून झालं की निम्मे लोक नाराज होऊन जातात, कारण कागदात त्यांना हवं ते नसतं. "मी काय करू," बाई म्हणतात, "पणजोबांनीच विकलंय."

साखरतरच्या पुलावर माझ्या उजव्या बुटाचा तळ सुटला. निवृत्तीच्या निरोप समारंभात मिळालेले बूट, वर्षानुवर्षं खोक्यात, गोंद वाळून भुगा झालेला. तळ जिभेसारखा लोंबत होता. पी.टी.च्या सरांनी काही न बोलता खिशातून तंगूस, म्हणजे गळाचा नायलॉनचा दोरा, काढला. ते रोज संध्याकाळी गरी घेऊन धक्क्यावर बसतात, त्यामुळे तंगूस खिशात असतोच. पुलाच्या दिव्याखाली गुडघ्यावर बसून त्यांनी तळ बुटाला तीन वेढे देऊन बांधला आणि दातांनी टोक तोडलं. माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठा माणूस माझ्या पायाशी बसलेला बघून मला कसंसंच झालं. ते म्हणाले, "बाई, सहलीत मी हेच करत आलोय. तुमचे पाय त्या मानाने स्वच्छ आहेत."

बसणीला सायन्सच्या बाईंचे गुडघे बोलू लागले. त्यांना रिक्षात बसवून पुढे पाठवलं.

चालताना बोलणं कुठूनही निघालं तरी पेन्शनवर येतं. माझी स्वतःची पेन्शन चौदा महिने अडकली होती. सेवापुस्तकातली एका बिनपगारी रजेची नोंद सापडेना. ज्या कचेरीत मी खेटे घालत होते तिथला बाबू प्रत्येक वेळी नवा कागद मागायचा, आणि मी अठ्ठावन्नाव्या वर्षी पहिलीतल्या पोरीसारखी दाराशी उभी. त्या चौदा महिन्यांत मला सगळे फॉर्म पाठ झाले. आता ते इतरांचे भरते. हाच माझा निवृत्तीनंतरचा उद्योग, ऐकायला काही खास नाही. नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्यांची रांग लागते. ज्यांची बोटं झिजून यंत्रावर ठसा उमटत नाही अशा आजींना बँकेत धरून न्यायचं. पंधरा वर्षं झाली की अंशराशीकरणाची, म्हणजे पेन्शनचा काही भाग आधीच एकरकमी घेतल्याबद्दल, कापलेली रक्कम पुन्हा सुरू होते, हे कित्येकांना माहीतच नसतं. गेलेल्या सरांच्या बायकोला कुटुंब निवृत्तिवेतन मिळवून द्यायचं. मागे एका काकूंनी विचारलं, "जिवंत असल्याचा दाखला दर वर्षी का गं? मेले तर मी सांगेन ना."

आमच्या मागून जे आले, नोव्हेंबर २००५ नंतर लागलेले, त्यांना ही जुनी पेन्शनच नाही. त्यांच्यासमोर आम्ही हा विषय काढत नाही.

उजाडता उजाडता आऱ्याला पोचलो. पाणी बरंच मागे गेलं होतं. सरांनी घड्याळ पाहिलं, बाईंकडे पाहिलं नाही. मी बूट काढून हातात घेतले. सुरूच्या बनातून वारा येत होता, चंद्र समुद्रावर चुन्याच्या बोटासारखा पुसट. चित्रकलेचे सर थांबले आणि काठीने ओल्या वाळूत एक डोळा काढला. फक्त एक. ते उन्हाळा संपला की गणपतीच्या शाळेत जातात. आमच्याकडे मूर्ती घडवतात त्या जागेलाही शाळाच म्हणतात, त्यामुळे सर एका शाळेतून सुटून दुसरीत लागले. माती मळायला, रंगाला पोरं आहेत, डोळे मात्र सरच आखतात. सकाळीच, चहा न पिता, कारण चहाने हात हलतो म्हणे. मी विचारलं, दुसरा डोळा? "तो भरतीला," म्हणाले आणि चालू लागले. चित्रकलेची माणसं अशीच.

वाऱ्याची चढण दम काढणारी, तिच्याबद्दल लिहीत नाही.

चढण उतरल्यावर दहावीचा विषय निघाला. २०१२ साली कोकणाचं वेगळं विभागीय मंडळ झालं, तेव्हापासून निकालात आपण पहिले. दर वर्षी आम्हाला त्याचा आनंद होतो. "पहिले येतात आणि मुंबई गाठतात," पी.टी.चे सर म्हणाले. दिवसभरात ते मोजकंच बोलले, त्यातलं हे एक. आमच्या शाळेत आता दहावीला एकच तुकडी उरलीय, तीही अर्धी बाकं रिकामी ठेवून.

नेवऱ्याच्या पुढे आंब्याच्या एका बागेच्या दगडी गडग्याशी गणिताचे सर थांबले. कलमं मोहरलेली, तुडतुड्यासाठी फवारणी चाललेली, वासाने नाक चुरचुरत होतं. राखणीचे नेपाळी गडी दिवाळीच्या आसपास येतात आणि पाऊस लागायच्या सुमारास गावी परततात, बरेचसे बायकामुलांसकट. पोरांचं वर्ष त्यामुळे दोन्हीकडे अर्धं, कुठल्याच शाळेत धड नाही. सरांचं मूळ घर याच गावात. ते या मोसमात चार महिने इथेच राहतात आणि संध्याकाळी चार वाजता बागेतल्या मांगरात सात पोरांचा वर्ग घेतात. हे आम्हाला ऐकून माहीत होतं, बघितलं त्या दिवशी. त्यातल्या एका पोराचा बाप फवारणीचा पंप पाठीवर घेऊन धावत आला. "सर, आज छुट्टी?"

"सुट्टी कसली. चारला येतो."

बापाने एक वही दिली. काल राहिलेली, म्हणे.

पुळ्याला साडेअकराला पोचलो. रांग पार वाळूपर्यंत. देव पश्चिमेकडे तोंड करून बसलेला, त्यामुळे रांगेत उभं राहून आपणही समुद्राचा आवाज ऐकत बसतो. सरांनी तिथेच वही उघडली, पी.टी.च्या सरांच्या पाठीचं टेबल केलं. एका पेटीत पाच डझन आंबे, आठ पेट्यांत किती? पोराने ४८० लिहिलं होतं. त्यातला आठ मात्र नेपाळी वळणाचा, बापाने शिकवलेला. सरांचं लाल पेन आठवर जाऊन थांबलं. मग त्यांनी आठ तसाच ठेवला आणि शेजारी बरोबरची खूण केली.

दर्शन झालं. डोंगराची प्रदक्षिणा तेवढी मला जमली नाही, तंगूस कातड्याला लागायला लागला होता. दीडेक किलोमीटरवर मालगुंड, केशवसुतांचं गाव. दर वेळी जायचं ठरतं आणि राहतं. तेही शाळामास्तरच, फैजपूर, धारवाड असे फिरले. १९०५ साली ३९ व्या वर्षी गेले, पेन्शनीपर्यंत पोचलेच नाहीत.

परतीला एस.टी. मिळाली. संस्कृतच्या बाईंना आणि मला बायका म्हणून अर्धं तिकीट. पी.टी.चे सर पासष्टीच्या पुढचे, त्यांनाही अर्धं. गणिताच्या सरांना पासष्टीला पाच महिने कमी, म्हणून पूर्ण. त्यांनी सहा वेळा हिशेब करून कंडक्टरला सुट्टे दिले आणि बागेच्या गडग्याशी उतरले. पावणेचार झाले होते. वही काखेत, पाय जरा फेंगडे पडत होते. उपास सुटायला अजून रात्रीचे साडेनऊ वाजायचे होते.