टॅमॉक्सिफेनच्या शेजारची गोळी

ताईच्या औषधांच्या डब्यात दोन पाकिटे शेजारी शेजारी असायची. स्तनाच्या कर्करोगासाठीचे टॅमॉक्सिफेन कर्करोगतज्ज्ञांनी लिहून दिले होते, तर नैराश्यावरचे पॅरॉक्सेटीन मानसोपचारतज्ज्ञांनी त्याच्या कितीतरी आधी सुरू केले होते. दोन्हींच्या फायली वेगळ्या होत्या आणि त्या कधी एकत्र पाहिल्याच गेल्या नव्हत्या. एका औषधविक्रेत्याने दोन्ही चिठ्ठ्या हातात घेऊन प्रश्न विचारला, तेव्हा कुठे आम्हाला कळले की ही दोन औषधे एकमेकांच्या आड येऊ शकतात.

टॅमॉक्सिफेन पोटात जाते त्या रूपात फारसे प्रभावी नसते. यकृतातील सीवायपी२डी६ नावाचे विकर, म्हणजेच एन्झाइम, त्यापासून एन्डॉक्सिफेन तयार होण्यास मदत करते आणि कर्करोगाच्या पेशींवर इस्ट्रोजेनची वाट अडवण्याचे काम मुख्यतः हे एन्डॉक्सिफेनच करते. पॅरॉक्सेटीन आणि फ्लुओक्सेटीन ही नैराश्यावरची दोन्ही औषधे नेमके हेच विकर रोखून धरतात. रुग्ण गोळी न चुकता घेत असतो, पण रक्तातील एन्डॉक्सिफेनचे प्रमाण घटलेले असते, आणि त्याचे एकही लक्षण त्याला जाणवत नाही. मला सर्वांत जास्त भीती याच गोष्टीची वाटली.

कॅनडातील ऑन्टारियो प्रांतातील २,४३० स्त्रियांच्या नोंदींवर आधारलेल्या, २०१० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात टॅमॉक्सिफेन आणि पॅरॉक्सेटीन जितका अधिक काळ सोबत घेतली गेली, तितके स्तनाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू अधिक आढळले. पुढच्या काही अभ्यासांत असा संबंध दिसला नाही, त्यामुळे वाद मिटलेला नाही. तरीही, पर्याय हाताशी असताना हा धोका का पत्करावा, असे माझे स्पष्ट मत आहे. व्हेन्लाफॅक्सीन हे नैराश्यावरचे दुसरे औषध सीवायपी२डी६ला फारच कमी अडवते, शिवाय टॅमॉक्सिफेनमुळे अंगातून उठणाऱ्या गरम वाफांवरही ते दिले जाते.

मात्र हे वाचून कोणीही घरच्या घरी गोळी बंद करू नये. पॅरॉक्सेटीन एकाएकी थांबवल्यास चक्कर, अस्वस्थता आणि डोक्यात विजेचा झटका बसल्यासारखी संवेदना होऊ शकते; फ्लुओक्सेटीन बंद केल्यावरही त्याचा परिणाम कित्येक आठवडे रेंगाळतो. आणि नैराश्य पुन्हा उसळले, तर कर्करोगाची गोळीही सुटण्याची भीती असते.

ताईची मात्रा मानसोपचारतज्ज्ञांनी हळूहळू उतरवली आणि व्हेन्लाफॅक्सीन सुरू केले. आता डब्याच्या झाकणाच्या आत तिने सर्व औषधांची नावे लिहिलेला एकच कागद चिकटवला आहे आणि प्रत्येक तपासणीला ती तो डबाच घेऊन जाते.