स्वालबार्ड: अस्वलासाठी बोटीचे पैसे भरू नका

स्वालबार्ड म्हणजे उत्तर ध्रुवाकडची नॉर्वेची बेटं. तिथल्या बोटसफरीच्या जाहिरातीतलं पांढरं अस्वल इतकं जवळ होतं की मिशा मोजाव्यात. आम्हाला दिसला एक पिवळट ठिपका, दुर्बिणीतून पाहिलं तर दगड. 2025 पासून नियमच आहे: मार्च ते जून अस्वलापासून 500 मीटर, एरवी 300 मीटर लांब राहायचं. बुकिंगवाल्याला हे ठाऊक नसेल असं मला वाटत नाही. सांगितलं मात्र नाही, पैसे रोखठोक घेतले.

त्यात बोट उघडी. जुलैतही लाँगियरब्येनला, म्हणजे इथल्या मुख्य गावात, सहा-सात अंशच असतात, वर फियॉर्डवरचा (डोंगरांमधे शिरलेल्या समुद्राच्या चिंचोळ्या खाडीवरचा) वारा. अंगभर सूट देतात, पण हातमोजे एकदा भिजले की संपलं. परतताना बोटांत जीव नव्हता, बायकोशीसुद्धा बोललो नाही. सुक्या हातमोज्यांची दुसरी जोडी आतल्या खिशात ठेवाच.

एक गोष्ट मात्र पाहण्यासारखी. पाण्यातून नुकताच वर आलेला वॉलरस (लांब सुळ्यांचा, सीलसारखा अवाढव्य समुद्री प्राणी) फिकट राखाडी दिसतो आणि कधीचे किनाऱ्यावर लोळत पडलेले गुलाबी, तांबूस. गार पाण्यात त्याच्या कातडीतल्या रक्तवाहिन्या आवळतात, ऊब आत चरबीच्या थराखाली राहते. बाहेर येऊन अंग तापलं की रक्त पुन्हा कातडीत उतरतं. माझी बोटंही आवळण्याचं काम चोख करत होती, चरबीच तेवढी कमी पडली.

रेनडिअर फुकट, गावात घरांच्या मधे चरतात. इथली जात बुटकी, आखूड पायांची, गुबगुबीत. उन्हाळाभर खाऊन चरबी साठवायची आणि हिवाळ्यात हालचाल कमी करायची, हा त्यांचा खाक्या. थंडीपेक्षा हिवाळ्यातला पाऊस त्यांना जास्त मारतो. तो गोठून चाऱ्यावर कडक थर बसतो, खुरांनी फुटत नाही, मग काही किनाऱ्यावर येऊन समुद्री शेवाळ खातात.

गावाबाहेर कुत्र्यांच्या आवाराशेजारी आयडर बदकं घरटी करतात, कारण तिथे कोल्हा फिरकत नाही. जवळपासचे सुरय पक्षी थेट टाळूवर चोच मारतात. काठी डोक्याच्या वर धरून चला, ते सर्वांत उंच टोकावर येतात. गावाच्या हद्दीवरच्या, अस्वलाचा धोका सांगणाऱ्या पाटीपुढे बंदूकधारी गाइडशिवाय पाऊल टाकू नका.

बाकीचे दिवस छान गेले.

व्हिसा दोनदा प्रवेशाचा घ्या. नॉर्वे शेंगेनमधे, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात आहे, पण स्वालबार्ड त्याबाहेर आहे. एकदाच्या व्हिसावर ऑस्लोहून निघाल तर परत येताना दार बंद.