बीम ट्रॉलीचं मॉडेल, आठवडा सहावा: गॅपसकट वेल्ड

काकांच्या टॉवेलच्या कारखान्यात भरलेला बीम (ताण्याचं सूत गुंडाळलेला मोठा रूळ) मागापर्यंत न्यायची ट्रॉली फ्रीकॅड या थ्रीडी ड्रॉइंगच्या सॉफ्टवेअरमध्ये काढतोय, हे मागच्या नोंदींत आलंच आहे. सांगाडा झाला, चाकंही बसली. हा आठवडा सगळा एका जोडात गेला: 40×40 मिमीचा, 3 मिमी जाडीचा चौकोनी पाइप आणि त्याखालची 8 मिमीची प्लेट.

आधी मी वेल्ड काढतच नव्हतो. पाइप प्लेटवर टेकवायचा, दोन्ही फ्यूज करायचे (एकसंध करायचे), झालं. दिसायला छान दिसतं, पण ताण बघायला गेलं की पाइपचं अख्खं तोंड प्लेटला चिकटलेलं धरलं जातं आणि वेल्डवर काय येतंय ते कळतच नाही. आता वेल्ड ही वेगळी बॉडी, म्हणजे स्वतंत्र घन भाग, ठेवतोय.

पद्धत अशी. प्लेटवर पाइपच्या बाहेरच्या कडेचं स्केच काढायचं, कोपऱ्याची गोलाई धरून (मी 6 मिमी घेतली). त्याला आडवं 4 मिमी लेगचं (लेग म्हणजे प्लेटवर आणि पाइपवर टेकणारी वेल्डची बाजू) त्रिकोणी स्केच, मग अ‍ॅडिटिव्ह पाइप ही कमांड: ती त्रिकोण त्या मार्गावरून फिरवून (स्वीप) घन आकार करते. गोलाई दिली की स्वीप कोपऱ्यावर अडत नाही. ती सोडून टोकदार कोपरे काढले, तर ट्रान्झिशन, म्हणजे कोपरा कसा वळवायचा ती सेटिंग, बदलत बसावं लागतं. मार्ग पाइपच्या कडेवरून घेऊ नका, प्लेटवरच्या स्केचवरूनच घ्या. का, ते पुढे येतंय. लेग 4 म्हणजे थ्रोट (वेल्डची सर्वांत कमी जाडी, आतल्या कोपऱ्यापासून तिरक्या बाजूपर्यंत) 4 × 0.707, साधारण 2.8 मिमी. पाइपची जाडी 3, म्हणून हा आकार पटला. एका जोडाला माल लागतो जेमतेम 10 ग्रॅम.

शनिवारी अक्कलकोट रोड एमआयडीसीत एका वर्कशॉपमध्ये नमुन्याचा जोड टाक्यावर (वेल्डचे छोटे ठिपके मारून) लावून घेतला. पाइप कटरवर थोडा तिरका कापला गेला होता. गुण्यात उभा केला तर एक बाजू प्लेटला टेकली आणि समोरची वर राहिली. त्या फटीत हॅक्सॉची पाती सरकवून पाहिली: एक गेलं, दोन गेली, तिसरंही घट्ट बसलं. म्हणजे जवळपास 2 मिमी. वेल्डर मामा म्हणाले, "भरतो की ओ, काय होतंय त्याला."

फट बाहेरून भरते, हे खरं. पण प्लेटपासून 4 मिमी लेग मोजला, तर त्यातले खालचे 2 मिमी फटीसमोरच जातात आणि पाइपला धरायला उरतात फक्त 2. थ्रोट 2.8 वरून 1.4 वर येतो, म्हणजे निम्मा. वरून वेल्डची रेघ मात्र अगदी एकसारखी दिसते. त्या बाजूला लेग 6 करायला हवा, किंवा पाइपचं तोंड ग्राइंडरवर सरळ करून घ्यायला हवं. मामांनी ग्राइंडरच लावला, दोन मिनिटांचं काम.

घरी येऊन तीच फट मॉडेलमध्ये घातली. 40 मिमीत 2 मिमी म्हणजे पाइपचं तोंड सुमारे 2.9 अंश तिरकं. वेल्डचा मार्ग प्लेटवर होता, म्हणून तो जागचा हलला नाही. तोंड नीट बसतं तिथेही मी आता 0.1 मिमी फट मुद्दाम सोडतो, म्हणजे भार वेल्डमधूनच खाली जातो. ताण काढायला मॉडेलचे बारीक तुकडे करतात ती जाळी (मेश) काढण्याआधी बूलियन फ्रॅगमेंट्स ही, बॉडींच्या टेकणाऱ्या बाजू सामाईक करणारी कमांड द्यायला विसरू नका, नाहीतर वेगळ्या बॉडी एकमेकींना धरत नाहीत.

ताणाच्या रंगीत चित्रात वेल्डच्या कडेला दिसणाऱ्या लाल ठिपक्याचा, म्हणजे सर्वांत जास्त ताणाचा, आकडा मात्र धरू नका. तिथे टोकदार कोन आहे, जाळी बारीक कराल तसा ताण चढतच जातो. मी कडेपासून पाइपच्या जाडीच्या 0.4 पट आणि 1 पट अंतरावर, म्हणजे 1.2 आणि 3 मिमीवर, ताण वाचतो आणि तिथून कडेपर्यंत अंदाज ओढतो. कारखान्यात शहाबादी फरशी आहे. प्रत्येक सांध्यावर ट्रॉलीला दणका बसणार, दिवसात शेकडो वेळा. म्हणून एकदाच पेलणाऱ्या वजनापेक्षा मला या दणक्यांची काळजी जास्त आहे.

पुढच्या आठवड्यात बीमचा दांडा टेकणारी यू आकाराची पट्टी. तिथे वेल्ड एकाच बाजूने मारता येतो, आणि वेल्डच्या उष्णतेने पट्टी किती ओढली जाते ते आधी भंगारातल्या तुकड्यावर मारून मोजणार आहे.