तुम्ही विचारलंत म्हणून: पायथनमधला ग्राफ नीट का येत नाही?

"कोड जसाच्या तसा उतरवला, एररही येत नाही, तरी ग्राफ वेडावाकडा येतो. काय चुकलं?" पायथन नुकतं शिकू लागलेले विद्यार्थी हे विचारतात, आणि वर्षानुवर्षं एक्सेल वापरून आता पायथनकडे वळलेले लोकही विचारतात. सोबत ग्राफचा स्क्रीनशॉट असतो, प्लॉटची ओळ असते. डेटा मात्र नसतो, आणि बहुतेक वेळा दुखणं तिथेच असतं. मग ग्राफचा रंग, अक्षरांचा आकार, लेबलांचा कोन बदलण्यात संध्याकाळ जाते. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

एक उदाहरण धरून चालू. एका तालुक्याच्या जून ते सप्टेंबरच्या रोजच्या पावसाची एक्सेल फाइल आहे. तिची सीएसव्ही, म्हणजे स्वल्पविरामांनी कॉलम वेगळे केलेली साधी मजकूर फाइल, केली. दोन कॉलम: तारीख आणि पाऊस. पांडाज या तक्ते हाताळणाऱ्या लायब्ररीने ती वाचायची, मॅटप्लॉटलिब या ग्राफ काढणाऱ्या लायब्ररीने ग्राफ काढायचा. (कमांडची नावं इथे उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत; टाइप करताना अर्थातच रोमन अक्षरांत.)

प्लॉट करण्याआधी डीएफ डॉट डीटाइप्स चालवा (डीएफ म्हणजे पांडाजने वाचलेला तक्ता; डीटाइप्स प्रत्येक कॉलमचा प्रकार सांगतं). पावसाच्या कॉलमपुढे फ्लोट६४ (दशांश संख्या) किंवा इंट६४ (पूर्ण संख्या) दिसायला हवं. ऑब्जेक्ट दिसलं, किंवा नव्या पांडाजमध्ये एसटीआर दिसलं, तर तो कॉलम आकड्यांचा नाही, मजकुराचा आहे. अख्ख्या चार महिन्यांच्या फाइलीत एका खोक्यात कुणी "निरंक" लिहिलं असेल, एका ठिकाणी "१२.४ मिमी" असेल किंवा आकड्याच्या मागे नुसती रिकामी जागा आणि एक टिंब असेल, तरी सगळा कॉलम मजकूर होतो. मॅटप्लॉटलिब त्यावर तक्रार करत नाही. मजकूर दिला की तो त्याला वर्गांची (कॅटेगरींची) नावं समजतो आणि ज्या क्रमाने आला त्याच क्रमाने अक्षावर समान अंतराने मांडतो. म्हणजे पहिल्या दिवशी १२.४, दुसऱ्या दिवशी ०, तिसऱ्या दिवशी १०५.२ आणि चौथ्या दिवशी ८ मिमी पाऊस असेल, तर उभ्या अक्षावर खालून वर १२.४, ०, १०५.२, ८ असा क्रम लागतो. उभा अक्ष चढत्या क्रमाने नाही आणि त्यावर आकड्यांची दाटी झाली आहे, एवढं दिसलं की निदान पक्कं समजा. पांडाजचं स्वतःचं प्लॉट वापरलंत तर निदान "नो न्यूमरिक डेटा टू प्लॉट" अशी एरर तरी येते. ती एरर उपकारक आहे.

यावर सरसकट सांगितला जाणारा उपाय म्हणजे टू अंडरस्कोर न्यूमरिक, त्यात एरर्स म्हणून कोअर्स. त्याने आकडा न होणारी प्रत्येक गोष्ट रिकामी, म्हणजे नॅन, होते आणि ग्राफ सुधारतो. पण थेट हे करू नका. "१,०५० मिमी" आणि "निरंक" दोन्ही सारखेच पुसले जातात, आणि पहिलं तर खरी नोंद होती. आधी हेच रूपांतर वेगळ्या नावाने साठवा, जिथे नॅन आलं त्या मूळ ओळी छापून डोळ्यांनी बघा. स्वल्पविराम किंवा "मिमी" असेल तर एसटीआर डॉट रिप्लेसने काढा; लाखाचा स्वल्पविराम असो की हजाराचा, काढून टाकल्यावर फरक उरत नाही. आकडे मराठी अंकांत टाइप केलेले असतील तर घाबरू नका. पायथनचं साधं फ्लोट आणि इंट मराठी अंक बिनतक्रार वाचतं. त्या कॉलमवर अप्लाय करून फ्लोट लावा.

तारखांचं प्रकरण याहून घातक, कारण तिथे ग्राफ अगदी सुरेख येऊन चुकीचा असू शकतो.

तारखांचा कॉलमही मजकूर राहिला असेल तर ते लगेच कळतं: जून ते सप्टेंबरचे १२२ दिवस, म्हणून आडव्या अक्षाखाली १२२ लेबलं एकावर एक चढून काळा पट्टा होतो. लोक लेबलं ९० अंशांत फिरवतात. फिरवायचं काहीच नसतं. कॉलम खरोखर तारखेचा झाला की मॅटप्लॉटलिब स्वतःच मोजक्या, अंतर राखलेल्या तारखा निवडतो. रीड सीएसव्हीला पार्स डेट्स दिलं होतं म्हणून निर्धास्त राहू नका. तारखा वाचता आल्या नाहीत तर कॉलम मजकूरच ठेवला जातो. पुन्हा डीटाइप्स बघा, तिथे डेटटाइम६४ हवं.

आता खरी मेख. आपण दिवस-महिना-वर्ष लिहितो, पांडाज संदिग्ध तारीख आधी महिना-दिवस-वर्ष अशी वाचतो. २०२३ च्या एप्रिलमध्ये आलेल्या २.० आवृत्तीपूर्वी प्रत्येक तारखेचा वेगळा अंदाज बांधला जाई: ०५-०६-२०२२ ही ६ मे, तर २५-०६-२०२२ ही २५ जून. एकाच फाइलीत निम्मे दिवस एका पद्धतीने आणि निम्मे दुसऱ्या. २.० पासून पहिल्या तारखेवरून साचा ठरतो आणि तो सगळ्यांना लावला जातो. रोजच्या नोंदी असतील आणि टू डेटटाइमने वाचत असाल तर १३-०६ ला पोहोचताच एरर येऊन काम थांबतं, ते चांगलंच. पण महिन्याच्या बेरजा घेऊन प्रत्येकीपुढे त्या महिन्याची पहिली तारीख लिहिली असेल तर? ०१-०६, ०१-०७, ०१-०८, ०१-०९. हे चारही बिनबोभाट ६, ७, ८ आणि ९ जानेवारी होतात. एरर नाही, इशारा नाही, चार ठिपक्यांची छान रेषा. अक्षावर जानेवारी लिहिलंय हे बघितलं नाही तर आख्खा पावसाळा चार दिवसांत उरकलेला असतो.

म्हणून अंदाजावर सोडू नका. टू डेटटाइमला फॉरमॅट द्या: टक्का-डी, टक्का-एम, टक्का-वाय. यात डी आणि एम छोटे, वाय मोठा. छोटा वाय म्हणजे दोन अंकी वर्ष. मोठा एम म्हणजे मिनिटं, आणि तो चुकून पडला तर महिना सांगितलाच जात नाही, म्हणून सगळ्या तारखा जानेवारीत जाऊन पडतात. नंतर त्या कॉलमचं मिन आणि मॅक्स छापा. १ जून आणि ३० सप्टेंबर यायला हवं. आलं नाही तर पुढे जाऊ नका.

तारखा बरोबर असूनही रेषा मागे-पुढे, कोळ्याच्या जाळ्यासारखी धावत असेल तर ओळी क्रमाने नाहीत. मॅटप्लॉटलिब ठिपके फाइलीतल्या क्रमानेच जोडतो. सॉर्ट व्हॅल्यूज करा, झालं.

रेषा शून्याला चिकटून सपाट आणि मधेच एक खोल खड्डा, असा ग्राफ दिसला की उभा अक्ष कुठपर्यंत खाली गेलाय बघा. पाऊस उणे असू शकत नाही. हवामान विभागाच्या ग्रिड स्वरूपातल्या पावसाच्या फाइलींत नोंद नसलेल्या जागी -९९९ असतं. इतर ठिकाणच्या फाइलींतही असे सांकेतिक आकडे सापडतात. ते वाचतानाच एनए व्हॅल्यूजमध्ये सांगा, म्हणजे त्यांचं नॅन होईल. त्यांच्या जागी शून्य भरू नका, कृपा करून. "पाऊस पडला नाही" आणि "त्या दिवशी मोजला नाही" या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि एकदा शून्य भरलं की त्या पुन्हा वेगळ्या करता येत नाहीत. नॅन असलेल्या जागी रेषा तुटते, ते बरोबरच आहे. फक्त एक ध्यानात ठेवा: दोन नॅनच्या मध्ये एकच खरी नोंद असेल तर जोडायला शेजारी नसल्याने ती दिसतच नाही. मार्कर म्हणून ओ दिलात की ठिपका उमटतो.

आता कोरा ग्राफ. स्क्रीनवर दिसला, पण साठवलेली पीएनजी पांढरीफटक. कारण सेव्हफिग (साठवण्याची कमांड) शोच्या (दाखवण्याच्या कमांडच्या) नंतर लिहिलंय. शोने उघडलेली खिडकी बंद केली की ती आकृती संपते, आणि पीएलटी डॉट सेव्हफिग (पीएलटी हे मॅटप्लॉटलिबच्या पायप्लॉटचं नेहमीचं छोटं नाव) नवी कोरी आकृती तयार करून तीच साठवतं. ज्युपिटरमध्ये, म्हणजे कोड सेल नावाच्या तुकड्यांत चालवायच्या वहीत, याचंच भावंड भेटतं: एका सेलमध्ये ग्राफ, पुढच्या सेलमध्ये टायटल, आणि खाली नुसत्या टायटलची रिकामी चौकट. सेल संपला की आकृती बंद होते. दोन्हींवर एकच सवय पुरते: पीएलटी डॉट सबप्लॉट्सने फिग (अख्खी आकृती) आणि एएक्स (तिच्यातली ग्राफची चौकट) हातात घ्या, सगळं एएक्सवर काढा, फिग डॉट सेव्हफिगने साठवा, आणि शो सर्वांत शेवटी.

त्या सबप्लॉट्समध्येच लेआउट म्हणून कन्स्ट्रेन्ड दिलंत तर कडेची लेबलं कापली जात नाहीत. आकृतीचा मूळ आकार ६.४ बाय ४.८ इंच आणि १०० डीपीआय (दर इंचाला ठिपके) असतो, म्हणजे ६४० बाय ४८० पिक्सेल. छपाईला हे अपुरं पडतं. सेव्हफिगला डीपीआय ३०० द्या, १९२० बाय १४४० मिळतील. प्रत्येक तालुक्याचा ग्राफ लूपमध्ये काढत असाल तर प्रत्येक फेरीच्या शेवटी पीएलटी डॉट क्लोज करा आणि कंसात फिग द्या, नाहीतर २० च्या वर आकृत्या उघड्या राहिल्या की इशारा येतो आणि मेमरी भरत जाते.

खिडकीच उघडत नाही आणि "फिगरकॅनव्हासअ‍ॅग इज नॉन-इंटरॅक्टिव्ह" असा इशारा येतो, तेव्हा मॅटप्लॉटलिबला खिडकी काढणारं काही सापडलेलं नसतं. पिप (पायथनची लायब्ररी बसवणारी कमांड) वापरून पिप इन्स्टॉल पायक्यूटी६ करा, किंवा उबुंटूवर पायथन३-टीके बसवा. एसएसएचने दूरच्या सर्व्हरवर असाल तर खिडकीचा नाद सोडा, फाइल साठवा. इन्स्टॉल करूनही "नो मॉड्यूल नेम्ड मॅटप्लॉटलिब" येत असेल तर पिप एका पायथनचं आणि प्रोग्राम दुसऱ्यावर चालतोय. पायथन -एम पिप इन्स्टॉल असं लिहा. आणि स्वतःच्या फाइलीचं नाव मॅटप्लॉटलिब डॉट पीवाय ठेवू नका. पायथन आधी तुमचीच फाइल उचलतं आणि "मॅटप्लॉटलिब इज नॉट अ पॅकेज" किंवा "सर्क्युलर इम्पोर्ट" अशी दिशाभूल करणारी एरर देतं.

जुन्या लेखांतला कोड अडला तर दोन ओळखीची कारणं: सीबॉर्न नावाची स्टाइल आता सीबॉर्न-व्ही० अंडरस्कोर ८ या नावाने मागावी लागते, आणि रंगपट्टी मागणारं सीएम डॉट गेट सीमॅप मॅटप्लॉटलिब ३.९ पासून नाही. त्याऐवजी मॅटप्लॉटलिब डॉट कलरमॅप्स घेऊन चौकोनी कंसात नाव द्या.

राहिला मराठी लेबलांचा प्रश्न, आणि हा आपला खास आहे. एएक्सवर "पाऊस" लिहिलं आणि चौकोन आले, कारण मूळ फॉन्ट डेजाव्हू सॅन्समध्ये देवनागरी नाही. "ग्लिफ २३४६ मिसिंग" असा इशारा येतो (ग्लिफ म्हणजे फॉन्टमधली अक्षराची आकृती). २३४६ हा प चा युनिकोड क्रमांक. नोटो सॅन्स देवनागरी उतरवा, फॉन्ट मॅनेजरच्या अ‍ॅडफॉन्टला टीटीएफ फाइलीचा पत्ता द्या आणि आरसीपॅराम्समध्ये (मॅटप्लॉटलिबच्या सेटिंग्जमध्ये) फॉन्ट डॉट फॅमिलीला डेजाव्हू सॅन्स व नोटो सॅन्स देवनागरी अशी दोघांची यादी द्या. पहिल्यात अक्षर नसेल तर दुसऱ्यातून घेण्याची सोय मॅटप्लॉटलिब ३.६ पासून आहे. चौकोन गेले, "पाऊस" आणि "तारीख" नीट दिसले, म्हणून बहुतेक जण इथे थांबतात. पुढे "दिनांक", "मिमी", "जिल्हा", "वर्ष" लिहा. पहिली वेलांटी द च्या आधी येण्याऐवजी नंतर आलेली दिसेल, "वर्ष" मधला रफार न चढता र पाय मोडून उभा असेल. हा फॉन्टचा दोष नाही, दुसरा फॉन्ट शोधत बसू नका. ३.१० पर्यंतचं मॅटप्लॉटलिब अक्षरं युनिकोडच्या क्रमाने एकेक करून मांडतं. वेलांटी मागे घेणं आणि जोडाक्षर घडवणं हे काम ते करतच नाही.

सर्वांत सोपा मार्ग: आरसीपॅराम्समध्ये एसव्हीजी डॉट फॉन्टटाइप नन ठेवा आणि आकृती एसव्हीजी या रेखाचित्रांच्या फाइल प्रकारात साठवा. मग लेबल चित्र न होता मजकूर म्हणूनच फाइलीत राहतं, आणि ब्राउझर किंवा इंकस्केप हे रेखाचित्रांचं सॉफ्टवेअर ती उघडताना जोडाक्षरं स्वतः बिनचूक घडवतात. इंकस्केपमधून पुढे पीडीएफ किंवा पीएनजी काढा. त्या संगणकावर तो फॉन्ट बसवलेला हवा, आणि मॅटप्लॉटलिबने लेबलाची रुंदी चुकीची मोजलेली असल्याने कडेला थोडी जास्त जागा सोडा. ग्राफ वेबपानावरच टाकायचा असेल तर प्लॉटली ही ग्राफची दुसरी लायब्ररी वापरा. तिथे अक्षरं ब्राउझरच मांडतो. एमपीएलकैरो हा मॅटप्लॉटलिबचा बॅकएंड (प्रत्यक्ष चित्र काढणारा भाग) अक्षरं जुळवणाऱ्या राक्म लायब्ररीच्या जोडीने जोडाक्षरांचं हेच काम करतो, पण विंडोजवर तो बसवणं कटकटीचं आहे.

अक्षावरचे आकडे मराठीत हवे असतील तर सेट एक्सटिकलेबल्सने हाताने लिहू नका. अक्षाची मर्यादा बदलली की लेबल एका जागी आणि किंमत दुसऱ्या जागी होते. फंकफॉर्मॅटर (अक्षावरचा आकडा कसा लिहायचा ते सांगणारं साधन) घ्या, त्यात आकड्याचा मजकूर करून एसटीआर डॉट मेकट्रान्सने इंग्रजी अंकांच्या जागी मराठी अंक बसवा. अंकांत वेलांटी नाही की जोडाक्षर नाही, त्यामुळे फॉन्ट जागेवर असला की हे थेट पीएनजीतही बरोबर उमटतात.