'दिसतील ना?'

नवं वेबमेल, म्हणजे ब्राउझरमधून मेल वाचायची सोय, सुरू केलं त्या सोमवारी सकाळचे दहाही वाजले नव्हते, तोच पत्रव्यवहार सांभाळणारे सर माझ्या टेबलाशी येऊन उभे राहिले. "अगं, जुनं काहीच दिसत नाहीये." मी मान वर न करताच म्हणाले, "येईल सर, पहिल्यांदा उघडताना वेळ लागतो." आधीच्या मंगळवारी त्यांनीच विचारलं होतं, "नव्यात जुने मेल दिसतील ना?" तेव्हाही मी "हो" म्हणाले होते. दोन्ही वेळा न तपासता.

आम्ही बसवलं ते राउंडक्यूब. मुक्त स्रोत, म्हणजे कोड कुणालाही वाचायला खुला, पीएचपी या भाषेत लिहिलेलं, ब्राउझरमध्ये चालणारं. प्रकल्प २००५ सालचा, १.० आवृत्ती २०१४ची, म्हणजे चांगलं मुरलेलं. बैठकीत एकाने विचारलं होतं, फुकटातलं सुरक्षित कसं? हा प्रश्न मला दरवेळी खटकतो. जून २०२५मध्ये राउंडक्यूबमधलं दहा वर्षं कुणाच्या लक्षात न आलेलं एक गंभीर भोक उघड झालं, हे खरंच आहे. पण दुरुस्ती १.६.११मध्ये आली, नेमकी कुठली ओळ बदलली ते कुणालाही वाचता आलं. पैसे मोजून घेतलेल्या किती प्रोग्रॅममध्ये हे बघायला मिळतं?

मांडणीवर मी तीन आठवडे खपले होते. आयमॅप, म्हणजे मेल सर्व्हरवरच ठेवून वाचायची पद्धत, ९९३ पोर्टवर, जाणारे मेल ५८७वर, लॉगिन चालू असेपर्यंत साठवलेला पासवर्ड ज्या किल्लीने कुलूपबंद होतो ती २४ अक्षरी किल्ली नव्याने बनवलेली, इन्स्टॉलरचं फोल्डर काम संपताच काढून टाकलेलं. सगळ्यात छळलं ते अटॅचमेंटने. वीस एमबीची फाइल जायला हवी तर एक आकडा बदलून भागत नाही. पीएचपीत एका फाइलची मर्यादा मुळात २ एमबी, संपूर्ण विनंतीची ८, आमच्या वेबसर्व्हरची १, आणि मेल पुढे पाठवणाऱ्या पोस्टफिक्सची साधारण १०. शिवाय मेलमध्ये शिरताना फाइल बेस६४मुळे, म्हणजे तिचं साध्या अक्षरांत रूपांतर होतं त्यामुळे, एक तृतीयांशाने फुगते, म्हणून पोस्टफिक्सचा आकडा वीसवर ठेवूनही उपयोग नाही. चारही ठिकाणं जुळली आणि पहिली मोठी फाइल पलीकडे पोचली, तेव्हा मला मनापासून आनंद झाला होता.

या सगळ्या चाचण्या मी नव्या कोऱ्या खात्यांवर केल्या. चूक तिथेच झाली.

बाहेरच्यांना सहसा माहीत नसतं, की राउंडक्यूब मेल स्वतःकडे ठेवतच नाही. त्याच्या डेटाबेसमध्ये पत्तेवही, सेटिंग, असलंच काही असतं. मेल असतात आयमॅप सर्व्हरवर, आमच्याकडे डव्हकॉट या प्रोग्रॅममध्ये, आणि राउंडक्यूब ती फक्त खिडकी. सर्व्हरवर जे आहे तेच खिडकीतून दिसणार. आणि आमच्या निम्म्या लोकांचे संगणक वर्षानुवर्षं पॉप या जुन्या पद्धतीवर चालत होते: दर दहा मिनिटांनी मेल उतरवायचे आणि सर्व्हरवरून पुसायचे. 'सर्व्हरवर प्रत ठेवा' ही खूण कुणीच केलेली नव्हती. मला पॉप काय करतं हे कॉलेजपासून ठाऊक आहे. तरी एकाही सहकाऱ्याच्या खुर्चीत बसून ते सेटिंग मी पाहिलं नाही.

बाकीच्यांचं निभावलं. त्यांच्याच जुन्या प्रोग्रॅममध्ये आयमॅप खातं जोडलं आणि फोल्डर ओढून वर चढवले. त्यातही दोनदा आरडाओरडा झाला. फोल्डर सर्व्हरवर पोचले, पण सबस्क्राइब झाले नव्हते, म्हणजे यादीत दाखवायची खूण त्यांच्यापुढे नव्हती, म्हणून राउंडक्यूबमध्ये दिसेनात. सेटिंगमध्ये जाऊन एकेकाची खूण केली. मग मेल दिसले ते उलटसुलट, कारण मुळातली क्रमवारी सर्व्हरवर पोचण्याच्या क्रमाने लागते. जुनी पत्रं शेवटी चढवली, तर तीच सगळ्यांत वर. क्रम तारखेनुसार करून दिला आणि संध्याकाळपर्यंत सगळे शांत झाले.

सरांकडे चढवायलाच काही नव्हतं. महिन्यापूर्वी त्यांना नवा संगणक मिळाला होता, त्यात तेव्हापासूनचेच मेल. आधीची नऊ वर्षं जुन्या संगणकात, आणि तो स्टोअररूममध्ये पडून होता. मी धावतच गेले. जागा रिकामी. शुक्रवारी डिस्क पूर्ण पुसून तो देऊन टाकला होता. डिस्क पुसल्याशिवाय यंत्र बाहेर द्यायचं नाही, हा नियम योग्यच आहे. मीच त्यासाठी भांडले होते.

मंगळवारचा दिवस बॅकअप उपसण्यात गेला. दर महिन्याच्या एका रात्रीचा बॅकअप आम्ही कायम ठेवतो. त्यात मिळालं काय, तर संध्याकाळी सरांनी संगणक बंद केल्यापासून रात्री दोनपर्यंत आलेले मेल. सकाळी ते कामाला बसले की सर्व्हर पुन्हा रिकामा व्हायचा. नऊ वर्षांतल्या शंभरेक रात्री, आणि दिवसा आलेलं एकही पत्र नाही. पाठवलेले तर सर्व्हरवर कधी नव्हतेच. मग सहकाऱ्यांना विनंती केली: सरांबरोबरचे जुने मेल फाइल म्हणून उतरवून द्या. राउंडक्यूबमध्ये अशा फाइली आयात करता येतात, तेवढं बरं. दुसऱ्यांच्या उत्तरांखाली अवतरण म्हणून राहिलेल्या ओळींत सरांची पत्रं तुकड्यातुकड्यांनी सापडू लागली. त्यासाठी त्यांनी स्वतः फोल्डर बनवलं, 'परत आलेले' नावाचं. सर्व्हरच्या डिस्कवर त्याचं नाव रोमन अक्षरांच्या गुंत्यासारखं दिसतं, कारण आयमॅप देवनागरी नाव अशाच रूपात बदलून ठेवतं. यादीत ते मला लगेच ओळखू येतं.

सर रागावले नाहीत. रागावले असते तर मला सोपं गेलं असतं.

बुधवारी स्टोअरमधून जुन्या संगणकाचा फॉर्म मागवून घेतला. 'यातलं काही जपून ठेवायचं आहे का?' या प्रश्नापुढे सरांच्या अक्षरात 'नाही', खाली सही आणि आधीच्या आठवड्यातल्या मंगळवारची तारीख. त्यांना विचारलं तर म्हणाले, "तुला विचारूनच गेलो होतो ना सही करायला."