सडा सोडा, शेड शोधा : रत्नागिरीत नेमबाजीची जागा

इंदूर सोडताना घरात ज्याची त्याची काळजी वेगळी होती, मुलाला शाळेची, सासूबाईंना त्यांच्या नेहमीच्या डॉक्टरांची, ह्यांना नव्या ऑफिसची, आणि मला रायफलची. कॉलेजपासून १० मीटर एअर रायफल करतेय, म्हणजे हवेच्या दाबाच्या रायफलीने दहा मीटरवरच्या कागदी टार्गेटवर नेम मारायचा खेळ. मध्य प्रदेशात या खेळाला चांगलं वातावरण आहे, महूला आर्मीचं मार्क्समनशिप युनिट, भोपाळला राज्य सरकारची शूटिंग अकॅडमी, त्यामुळे इंदुरात रेंज कुठे, कोच कोण, पेलेट म्हणजे शिशाचे छर्रे कुठे मिळतील हे दोन फोनमध्ये कळायचं. रत्नागिरीत आम्ही कोणालाच ओळखत नव्हतो. कुवारबावला भाड्याचा फ्लॅट घेतला, सामान लागायच्या आधी टेप घेऊन मोजलं तर हॉलच्या खिडकीपासून किचनच्या ओट्यापर्यंत सरळ रेघेत सात मीटर पण भरेनात. म्हणजे जागा बाहेरच शोधायची. त्या शोधात जे कळलं ते इथे लिहितेय, बदली होऊन इकडे येणाऱ्या कोणाला तरी उपयोग होईल.

पहिल्या आठवड्यात ज्याला विचारावं तो एकच सांगायचा, अहो कोकणात जागेला काय तोटा, सड्यावर जा, नाहीतर समुद्रावर जा, कोण बघतंय. सांगणाऱ्यांचा हेतू चांगलाच होता. पण माझं ठाम मत आहे की मोकळी जागा वेगळी आणि नेम मारायची जागा वेगळी, आणि कोकणात हे जास्तच खरं आहे.

सड्याचंच घ्या, सडा म्हणजे कातळाचं उघडं पठार. लांबून बघितलं तर नुसता काळा कातळ आणि वाळलं गवत, माणूस दिसत नाही. थोडा वेळ उभं राहिलं की एकेक दिसायला लागतं, पलीकडे कोणाची तरी गुरं, उताराला कोणीतरी लाकडं गोळा करतंय, टिटवीने जमिनीवरच अंडी घातलीत. आणि खाली जांभा दगड. साधी ४.५ एमएमची पेलेट कातळावर आपटली तर कुठल्या कोनात उलटून येईल ते सांगता येत नाही. पॉइंट टू टूची, म्हणजे ५० मीटरच्या खेळातल्या .२२ रायफलीची गोळी तर दीड किलोमीटरच्या पुढे जाऊ शकते, सड्याला कड असते आणि कडेच्या खाली वाडी असते. शिवाय उक्षी, बारसू, कशेळी इकडच्या सड्यांवर कातळशिल्पं आहेत, २०२२ मध्ये ती युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली, आणि अजून कित्येक सड्यांवर काय कोरलेलं आहे ते कोणी नीट पाहिलेलंही नसेल. तिथे शिसं झाडायची कल्पनाच मला सहन होत नाही.

समुद्राचं तर विचारूच नका. सकाळी जाळी ओढणारे, संध्याकाळी फिरायला येणारे, वेळास-आंजर्ले पट्ट्यात कासवांची घरटी. आणि ही किनारपट्टी बंदुकीच्या बाबतीत हळवी आहे, तिचं कारण आहे. १९९३ च्या मुंबई बॉम्बस्फोटांचं आरडीएक्स रायगडातल्या शेखाडीला उतरलं होतं हे इथल्या वयस्क माणसांच्या तोंडून आजही ऐकायला मिळतं. २०२२ च्या ऑगस्टमध्ये हरिहरेश्वरच्या किनाऱ्याला एके-४७ असलेली रिकामी बोट लागली, ती भरकटत आली होती हे नंतर कळलं पण तोवर रायगड जिल्हाभर नाकाबंदी झाली होती. अशा ठिकाणी खांद्याला लांब काळी बॅग लावून बीचवर चालत जायचं आणि लोकांनी ओळखून घ्यावं की हा खेळ आहे, ही अपेक्षाच चुकीची. जंगलाचा पर्याय पण बाद, अभयारण्यात वन्यजीव कायद्याप्रमाणे लेखी परवानगीशिवाय शस्त्र घेऊन शिरताच येत नाही.

कायद्याचं थोडक्यात सांगते कारण यावर खूप गोंधळ असतो. आर्म्स रूल्स २०१६ प्रमाणे ४.५ एमएमपेक्षा मोठ्या बोअरची (नळीच्या आतल्या व्यासाची) किंवा २० ज्यूलपेक्षा जास्त ताकदीची एअरगन असेल तर परवाना लागतो. मॅचची एअर रायफल सात-आठ ज्यूलची असते, तिला लागत नाही. परवाना लागत नाही म्हणजे कुठेही चालवा असं मात्र होत नाही, कोणाला इजा होईल असं वागलात तर बाकीचे कायदे आहेतच. पॉइंट टू टू असेल तर परवाना हवाच, राज्य बदललं की पत्ता बदलल्याचं नव्या जिल्ह्याच्या परवाना अधिकाऱ्याला कळवावं लागतं, आणि ती चालवायची ती फक्त अधिकृत रेंजवर. यात पळवाट शोधणाऱ्यांबद्दल मला जराही सहानुभूती नाही, त्यांच्यामुळे सगळ्या खेळाकडे लोक संशयाने बघतात.

मग शोधायचं काय, तर छप्पर आणि भिंत. सलग बारा-तेरा मीटर लांबी, समोर पक्की भिंत, येण्याजाण्याचं दार नेमबाजाच्या पाठीमागे, टार्गेटच्या बाजूला दार अजिबात नको. आणि जागेचा मालक असा की ज्याला सगळं माहीत आहे आणि मान्य आहे. या हिशोबाने बघायला लागले तेव्हा कोकणातली एक गोष्ट समोर आली जी इंदुरात नसती मिळाली, ती म्हणजे आंब्याची पॅकिंग शेड. पावसच्या बाजूला, गणेशगुळ्याकडे, कुठेही बागेत जा, चिऱ्याची भिंत, वर पत्रे, खाली कोबा, लांबलचक शेड, आणि आंब्याचा सीझन संपला की जूनपासून ती जवळजवळ रिकामी. रिकाम्या पेट्या, थोडा पेंढा, कोपऱ्यात फवारणीचा पंप, बस.

ह्यांच्या ऑफिसातल्या एका वहिनींच्या माहेरची बाग आहे, त्यांनी वडिलांशी गाठ घालून दिली. काका सत्तरीचे आहेत. रायफल हातात घेऊन उलटीसुलटी बघितली आणि पहिलाच प्रश्न, "हिने माकडं पळतील काय गो?" हा प्रश्न मला या जिल्ह्यात जवळजवळ प्रत्येकाने विचारला आणि मला त्याचं मुळीच वाईट वाटत नाही, कारण माकडं, वानर, रानडुक्कर यांनी लोकांची वर्षाची मेहनत जाते, नारळ, केळी, आंबा, काही सोडत नाहीत. इथे कित्येक घरांत शेतीसंरक्षणाच्या परवान्याची बंदूक असते आणि निवडणूक आली की ती पोलीस ठाण्यात जमा करायला लागते म्हणून लोक वैतागलेले असतात. पण त्या प्रश्नाचं उत्तर माझ्या रायफलीत नाही हे मी काकांना तिथल्या तिथे सांगितलं. ही कागदावर मारायची वस्तू आहे, जनावर हिने मरत नाही, जखमी होऊन दोन दिवस तडफडतं, आणि मी कुठल्याही जनावरावर ती उचलणार नाही. काका थोडा वेळ गप्प बसले, मग म्हणाले, "बरं. शेड बघून घे." त्यानंतर आम्ही दोघं पोलीस पाटलांकडे गेलो, रायफलीचं बिल, आधार, रायफल असोसिएशनचं जुनं कार्ड दाखवलं, ठाण्यात पण एक साधा अर्ज देऊन ठेवला. कोणी मागितला नव्हता. पण नव्या गावात आपण कोण, काय करतो हे आधी आपणच जाऊन सांगितलेलं बरं, आवाज ऐकून कोणी विचारायला येण्याची वाट बघू नये.

आता लेन, म्हणजे नेम मारायची पट्टी, कशी लावली ते सांगते. भिंत चिऱ्याची, तिच्यावर थेट पेलेट मारायची नाही, दगडाचे कण उडतात आणि पेलेट पण उलटते. भिंतीपुढे जाड फळी, फळीपुढे रेतीने गच्च भरलेली गोणपाटं एकावर एक, आणि त्यांच्यापुढे आंब्याची लाकडी पेटी, आत जुन्या साड्या आणि पुठ्ठे ठासून भरलेले. पेटीच्या तोंडावर टार्गेट. टार्गेटचा मध्य जमिनीपासून १.४ मीटर. वर एक एलईडी, थेट कार्डावर, फोनवर मोजलं तर साधारण १५०० लक्स येतात, तेवढे पुरतात. काळा गोल जेमतेम तीन सेंटिमीटरचा आणि त्यातला दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा, त्यामुळे उजेड कमी असेल तर डोळा दहा मिनिटांत थकतो. पावसाळ्यात लाईट कधीही जाते, तेव्हा त्या दिवशी रायफल बंद, टॉर्च लावून वगैरे प्रकार करायचे नाहीत.

पेटीतलं शिसं दर वेळी काढून डब्यात भरते. खाली एक पण पेलेट ठेवायची नाही, कारण शेडभोवती काकूंच्या कोंबड्या असतात, त्या बारीक खडे टिपतात तशा पेलेट पण टिपतील आणि शिसं पोटात गेलं तर संपलंच. बागेत विहीर पण आहे. निघताना हात साबणाने धुवायचे, मगच चहा.

कोकणातली हवा हा वेगळाच विषय आहे आणि इथे मला सगळंच नव्याने शिकायला लागलं. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, वरून खारा वारा. इंदुरात रायफल फोमच्या केसमध्ये ठेवली की झालं, इथे फोम ओल धरून बसतो आणि बॅरलवर गंज धरायला वेळ लागत नाही. म्हणून घरी आलं की केसमधून बाहेर, तेलाच्या फडक्याने पुसून, कुलपाच्या कपाटात, आत सिलिका जेलच्या पुड्या. शूटिंग जॅकेटला बुरशी येते, ते फॅनखाली टांगूनच ठेवायचं. आणि कार्ड! दमट कार्डावर भोकाची कडा स्वच्छ कापली जात नाही, कागद पिंजतो, मग ९ गुण की १० हे भोक मोजायचं गेज लावून पण कळत नाही. स्टीलच्या घट्ट झाकणाच्या डब्यात कार्डं ठेवायला लागल्यापासून तो त्रास गेला.

हवेवरून आठवलं, सिलिंडर. माझी रायफल कॉम्प्रेस्ड एअरची आहे, २०० बार दाबाला भरते. हातपंपाने इथली दमट हवा आत ढकलली तर तिच्यातलं पाणी सिलिंडरमध्ये जमा होतं, ते नको होतं. इंदुरात क्लबमध्ये भरून मिळायचं. इथे उपाय निघाला समुद्रातून. मालवण-तारकर्लीला स्कूबा डायव्हिंगचा व्यवसाय आहे, त्यांच्या टाक्या २०० बारच्याच आणि श्वासाला लागणारी म्हणून हवा कोरडी, गाळलेली. योग्य अडॅप्टर असला की स्कूबाच्या टाकीतून रायफलीचा सिलिंडर भरता येतो आणि एक टाकी खूप दिवस जाते. डायव्हिंगवाल्या मुलाला मी काय करते ते कळल्यावर त्याने स्वतः प्रेशर गेज लावून दाखवलं, हळूहळू भरायचं, घाईत भरलं की सिलिंडर तापतो. फक्त सिलिंडरवर ठोकलेली तारीख बघायची, मुदत संपलेला सिलिंडर भरायचा नाही, कितीही चांगला दिसत असला तरी.

एअरचं असं जमलं, पण ५० मीटरसाठी इथे जुगाड करायचा नाही हे माझं ठरलेलं आहे. त्यासाठी आंबा घाट चढून कोल्हापूर, नाहीतर पनवेल. पनवेलला सुमा शिरूर यांचा क्लब आहे, त्या स्वतः २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये फायनलला होत्या. कोल्हापूर तर नेमबाजांचं गावच, तेजस्विनी सावंत २०१० मध्ये ५० मीटर प्रोनची (पालथं झोपून मारायच्या प्रकाराची) वर्ल्ड चॅम्पियन, राही सरनोबत, आणि राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्निल कुसाळे, पॅरिसला २०२४ मध्ये ५० मीटर थ्री पोझिशनचं (गुडघ्यावर, झोपून आणि उभ्याने मारायच्या प्रकाराचं) ब्राँझ. घाटाच्या पलीकडचं गाव आहे हो ते. तिथल्या मुलांना रेंज मिळते आणि आपल्याकडच्या मुलांना फारशी माहितीही नसते याची मला मनापासून खंत वाटते.

स्पर्धा खेळायच्या असतील तर अजून एक काम, राज्य बदललं की जुन्या राज्याच्या असोसिएशनकडून एनओसी घ्या आणि महाराष्ट्राकडून नोंदणी करा, हे सामान हलवतानाच उरकलेलं चांगलं. हे कागद करत असताना एक गोष्ट वाचून फार आनंद झाला. नॅशनल्सच्या (राष्ट्रीय स्पर्धेच्या) आधीची मावळंकर स्पर्धा आम्ही नेमबाज सगळेच खेळतो, ती ज्यांच्या नावाने आहे ते दादासाहेब मावळंकर, लोकसभेचे पहिले सभापती, यांनीच १९५१ मध्ये नॅशनल रायफल असोसिएशन उभी केली, आणि त्यांचं मूळ गाव संगमेश्वर तालुक्यातलं मावळंगे, सुरुवातीचं शिक्षण राजापूरला! म्हणजे या देशातल्या नेमबाजीचं एक मूळ याच जिल्ह्यात आहे. काकांना सांगितलं तर त्यांनी ते लगेच अख्ख्या वाडीत सांगितलं.

काकांची नात आठवीत आहे. ती आधी दारात उभी राहून बघायची, आता गॉगल लावून नीट मागे बसते आणि दर शॉटनंतर आकडा लिहिते. तिला मी आधी महिनाभर पेलेट न घालता नुसतं होल्डिंग, म्हणजे नेम धरून स्थिर राहणं, करायला लावलं, कुरकुर न करता केलं तिने. शालेय स्पर्धांमध्ये रायफल शूटिंग आहे, जिल्ह्यावरून विभागाला म्हणजे कोल्हापूरला जाता येतं, हे तिच्या शाळेत जाऊन सरांना सांगून आले. सर म्हणाले, जिल्हा क्रीडा कार्यालयात फॉर्म मिळतो, मी आणतो.

फेब्रुवारी सरत आला की शेड आंब्याला द्यायची. पेट्या, पेंढा, गडीमाणसं, पहाटेपासून टेम्पो, तिथे रायफल नेण्याचा प्रश्नच नाही. ते तीन महिने घरी ड्राय, म्हणजे पेलेट न घालता सराव करायचा, पाच मीटरवर अर्ध्या आकाराचं टार्गेट लावलं की डोळ्याला दहा मीटरसारखंच दिसतं, हॉलमध्ये तेवढं बसतं, आणि ट्रिगरची सवय सुटत नाही. आंबा उतरला की काका मागच्या भिंतीजवळच्या जुन्या पेट्या काढून देणार आहेत, मग शेजारी दुसरी लेन बसेल, तिच्यासाठी रेतीची गोणपाटं आणि एक एलईडी एवढंच लागेल, फळी काकांकडे पडून आहेच.