हात लावायचा नाही

दुपारी डुलकी काढून उठलो आणि सवयीने टाकीपुढे वाकलो. सकाळी बशीएवढं फुललेलं समुद्रपुष्प कपारीत ओल्या चिंध्यांच्या बोळ्यासारखं पडलं होतं. कडेला चिकट तपकिरी काहीतरी लोंबत होतं. माझी बाही आपोआप वर सरकली, हात झाकणापर्यंत गेला आणि तिथेच अडला.

कारण हात लावायचा नाही. ॲनिमोन, म्हणजे हे समुद्रपुष्प, पाळणाऱ्याला सगळं जमतं, एवढं एक जमत नाही. मीठ मोजता येतं, काट्यावर पाण्याची घनता १.०२५ दिसली की जीव भांड्यात पडतो. पाणी उडून कमी झालं की गोडं पाणी घालायचं, खारं नाही, कारण उडतं ते पाणी, मीठ मागेच राहतं. हे एका चुकीत कळतं आणि जन्मभर पुरतं. ऊब पंचविशी-सव्विशीत राखता येते. नवी टाकी महिनोन्‌महिने नुसतीच मुरवत ठेवण्याइतका धीरसुद्धा माणूस कुठूनतरी आणतो. पण मलूल जीव समोर दिसत असताना हात मागे बांधून उभं राहायचं म्हणजे शिक्षा आहे.

त्यात या प्राण्याला खायला आणि टाकायला एकच तोंड. अधूनमधून ते अंगातलं शिळं पाणी सोडून देतं, घाण बाहेर टाकतं, तासन्‌तास असं मेल्यागत पडून राहतं आणि मग सावकाश पुन्हा फुगतं. खरंच मेलं असेल तर विरघळायला लागतं, आणि त्याची दुर्गंधी अख्ख्या घराला कळते. म्हणून खात्री करायची ती नाकाने. भर दुपारी एक प्रौढ माणूस डोळे मिटून टाकीवर नाक धरून उभा आहे, हे दृश्य आमच्या घरात आता कुणाला नवं राहिलेलं नाही.

वास आला नाही. पण बरंही वाटलं नाही, कारण एक जुना वास आठवला.

आठ-नऊ वर्षांचा असेन. ओहोटी लागली होती, खडकांतल्या डबक्यांत पाणी साठलेलं, आणि एका डबक्यात ही फुलं. बोट घातलं तर पाकळ्या बोटाला किंचित चिकटल्या, मांजराची जीभ लागावी तशा. पुढच्या क्षणी फूल मिटलं. मग मी दुसरं मिटवलं, तिसरं मिटवलं, असं करत सगळं डबकं मिटवून टाकलं. आतेभाऊ म्हणाला, "झालं समाधान? आता उपाशी बसतील बिचारी." तेवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. पण मला एक घरी न्यायचं होतं. शिंपल्याच्या धारेने मी ते खरवडून काढलं. तळपाय खडकाला घट्ट धरून होता, तो फाटला, आणि फाटल्याचं बोटांना कळलंही. बादलीत समुद्राचंच पाणी होतं, तरी दुसऱ्या दिवशी तो वास आला. आई काही बोलली नाही. नाकाला पदर लावून तिने बादली लांब नेऊन ओतली.

आता हे पुस्तकांत 'नाजूक' म्हणून लिहिलेलं असतं, आणि इथे माझा थोडा वाद आहे. १८२८ साली सर जॉन डॅलिएल नावाच्या स्कॉटिश गृहस्थांनी नॉर्थ बेरिकच्या किनाऱ्यावरून असंच एक ॲनिमोन आणलं आणि काचेच्या बरणीत ठेवलं. पंप नाही, दिवा नाही. (तेवढं कबूल करतो की त्या जातीला दिवा लागत नाही, माझ्याकडच्याच्या अंगात शेवाळ राहतं, त्याला उजेड हवा, आणि ते शेवाळ गेलं की हे पांढरं पडतं.) समुद्राचं पाणी बदलायचं आणि शिंपल्याच्या मांसाचा तुकडा द्यायचा, एवढाच थाट. १८५१ मध्ये डॅलिएल वारले. ॲनिमोन राहिलं. एकाकडून दुसऱ्याकडे जात जात ते एडिंबरोच्या वनस्पती उद्यानात पोहोचलं. नावात फूल असल्याचा असाही उपयोग. तोंडातून शेकड्यांनी पिल्लं टाकली. लोक त्याला 'ग्रॅनी', म्हणजे आजीबाई म्हणायचे. आजीबाई गेल्या १८८७ साली. बरणीतच जवळजवळ साठ वर्षं झाली होती, आधीचं वय कुणाला ठाऊक!

नाजूक आहे ती आपली टाकी. पंप, हीटर, दिवा, यातलं एक बिघडलं की संपलं. आणि पंप चालू असला तरी धोका: रात्री जागा न आवडल्याने हे चालत सुटतं, पात्याकडे जातं, आणि सकाळी सगळ्या टाकीत भुगा. म्हणून पंपाला मी जाळी बांधली आहे. ज्याला राहायला म्हणून हे फुलाचं घर आणलं तो क्लाउनफिश मासा मात्र थर्मामीटरला बिलगून झोपतो. असो.

साठ वर्षांचा हिशेब मांडला तेव्हा मी चपापलो. माझ्यामागे याला कोण बघणार?

संध्याकाळी भाचा आला. बोळा अजून बोळाच होता.

"मामा, हे मेलंय?"

"वास घे."

"शी! मी याला मरेपर्यंत हात लावणार नाही."

मी त्याच्याकडे नीट पाहिलं. इतका लायक वारस मला आजवर भेटला नव्हता. लगेच क्षारता मोजायचं यंत्र काढलं, थेंब कुठे टाकायचा, कुठून बघायचं, सगळं समजावून सांगितलं. तो "हं, हं" करत मोबाइल बघत होता. मधेच कधीतरी समुद्रपुष्प फुललं, ते दोघांनीही पाहिलं नाही.